शेरभर आत, दीड छटाक बाहेर

मानवतच्या गुरुसिद्धप्पाचा हात कसा होता ते आधी सांगतो. तो बाजारात तोलारी होता, म्हणजे कापसाच्या गाड्या त्याच्या काट्यावर तोलल्या जायच्या. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, डोळे मिटायचा आणि वजन वाढावं म्हणून कुणी कापसावर पाणी मारलंय का ते सांगायचा. किती घागरी मारल्यात तेही सांगायचा. एकदा तर एका गाडीत हात घालून म्हणाला, हे पाणी विहिरीचं नाही, दुधना नदीचं आहे, आणि मारताना माणूस इकडंतिकडं बघत होता. लोक पोट धरून हसले. मी हसलो नाही, कारण गाडी माझी होती.

"चंद्रभान," मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "चोरी करायची तर नीट शिकून करावी. जा, वाळवून आण."

वाळवून आणला. तेव्हापासून आमचं जमलं. त्याला बाजारात सगळे अप्पा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. आता ह्या घागरी आणि दुधना ह्यात माझं तिखटमीठ किती ते तुम्ही ठरवा. पण पुढं त्याच्या नातवाचं जे सांगणार आहे, त्यात मी हात आखडताच घेणार आहे. तिथं आहे तेवढंच पुष्कळ होतं.

सन तेराशे सत्तेचाळीस फसली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस. मार्गशीर्ष लागला होता आणि मानवतात कापसाच्या गाड्यांनी रस्ता दिसत नव्हता. अप्पाचा नातू शिवरुद्र तेव्हा पाच वर्षांचा. गोरंगोमटं, गळ्यात दोऱ्याला लिंग, बोलायला पोपट. पण लघवीला उभं राहिलं की पोर थांबायचं, ओरडायचं, एका पायावर नाचायचं. मग त्यानंच एक युक्ती शोधून काढली. भिंतीला पाय लावून डोक्यावर उभं राहायचं. उलटं झालं की चार थेंब यायचे. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची, आणि त्याची आई मल्लम्मा दार लावून घ्यायची.

कुळथाचं पाणी झालं. जडीबुटी झाली. मल्लम्माचे सोळा सोमवार झाले आणि सतरावा आला. मुतखडा आहे हे सगळ्यांना कळत होतं, काढायचा कसा ते कुणाला कळत नव्हतं. शेवटी अडतीवर कुणीतरी परभणीच्या हाशमी डॉक्टरांचं नाव काढलं.

पोराचा बाप शिवाप्पा अडतीवर कामाला. ऐन हंगामात तो निघू शकेना. म्हणून अप्पा निघाला, मल्लम्मा निघाली, आणि माझी बैलगाडी निघाली मानवत रोड स्टेशनापर्यंत. तिथून मी परत फिरणार होतो. पण अप्पानं माझ्या दंडाला जे धरलं होतं, ते सोडलंच नाही. बैल स्टेशनाजवळच्या मेव्हण्याकडं सोडून मी तसाच डब्यात चढलो. वाटेत टी.सी. आला. बाकावर डोक्यावर उभं राहिलेलं पोर त्यानं पाहिलं, आणि तिकिटं न बघताच पुढच्या डब्यात गेला.

हाशमी डॉक्टर मूळचे हैदराबादचे. उंच माणूस, डोक्यावर लाल रुमी टोपी, बोलणं दखनी. दवाखाना त्यांचा स्वतःचा, चार खाटांचा. पोराला तपासून ते अप्पाला म्हणाले, "चीरफाड नक्को. मैं नली अंदर डालता, पत्थर अंदरच फोडता, पानी मार के चूरा बाहर निकालता. हफ्ते में बच्चा घर."

अप्पानं विचार केला. "चुरा समदा बाहेर आला का न्हाई, हे कसं कळतं साहेब?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "ये सवाल मेरे कू आज तक किसी बाप ने नहीं पूछा."

"मी आजा हाय."

"पेशाब देखना, अप्पा. धार अच्छी आयी तो समझो रस्ता साफ."

दुसऱ्या दिवशी पोराला औषध हुंगवून निजवलं आणि खडा फोडला. चुरा एका बशीत ठेवून आम्हाला दाखवला. करड्या रंगाचा, भरड्या पिठासारखा. अप्पाला तो तोलून बघायचा होता. मी त्याला बाहेर काढलं. संध्याकाळी पोराला धार आली, बारीक आणि लालसर, पण धार. डॉक्टरांनी ती डोळ्यांनी बघितली, पोराच्या गालाला हात लावला आणि जेवायला गेले.

सकाळी चुडाव्याहून माणूस आला. तिथं एक बाई दोन दिवसांपासून अडली होती. डॉक्टर पिशवी घेऊन निघाले. निघताना कंपाउंडर बन्सीधरला बजावलं, "बच्चे का पेशाब देखते रहना. बंद हुआ तो चुडावा स्टेशन कू तार मारो, मैं आ जाता."

हे शब्द नीट ध्यानात ठेवा. बंद हुआ तो.

बन्सीधर म्हणजे काटकुळा, नीटनेटका माणूस. तो जेवायचाही असा, की ताट धुवायला लागू नये. त्यानं पोराच्या लंगोटीत दवाखान्याचा कापूस ठेवला. अप्पानं त्यातली चिमूट काढून बोटांत चोळली, नाकाजवळ नेली.

"हे काय हाय?"

"कापूस."

"मेलेला हाय. ह्याच्यात तेल न्हाई, जीव न्हाई. चिपाडावाणी लागायलाय हाताला."

"अप्पा, दवाखान्याचा कापूस असाच असतो. सोड्यात उकळून तेल काढतात त्याचं."

"तेल काढल्यावर ऱ्हातंय काय मग? आमच्या पोराला हे नगं." आणि त्यानं गाठोडं सोडलं. पोराच्या उशाला म्हणून मानवतहून पिंजलेली रुई आणली होती, गावरान, पांढरीशुभ्र. मी खोटं सांगत नाही, खोलीत उजेड वाढला. बन्सीधर थोडा वेळ हुज्जत घालत बसला, पण ज्याच्यापुढं मानवतचा सगळा मोंढा, सगळा बाजार हरला तिथं एकट्या कंपाउंडरचं काय चालणार? दवाखान्याचा कापूस निघाला, मानवतचा बसला.

दुपारी मल्लम्मानं चादर दाखवली. "मामंजी, बगा. भिजली."

अप्पा हसला. तासाभरानं पुन्हा भिजली. मग पुन्हा. पोराच्या अंगाखालून ओली चादर काढायची, कोरडी घालायची, असं चाललं. बाहेर दोरीवर चादरींची रांग लागली. बन्सीधरनं पाटीवर लिहिलं, पेशाब चालू. मल्लम्मानं देवाचं नाव घेऊन पोराच्या कपाळाला भस्म लावलं. चादर भिजली की आमच्या खोलीत सण होत होता.

पोर मात्र सणात नव्हतं. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडलं होतं. ओरडत नव्हतं. बोलत नव्हतं. मी त्याला माझ्या बैलानं वाघाला शिंगावर घेऊन जिंतूरपर्यंत नेल्याची गोष्ट सांगितली, जिच्यात तो दर वेळी मला अडवायचा. ह्या वेळी अडवलं नाही.

"लय गप झालंय हे," मल्लम्मा म्हणाली.

"आतून सोललं गेलंय," बन्सीधर म्हणाला. "आग होत असेल. पाणी पाजा भरपूर. पाण्यानं आग कमी होते."

म्हणून आम्ही पाणी पाजायला लागलो. वाटीनं, चमच्यानं, लाडानं, धाक दाखवून. मल्लम्मा पोटावर हात फिरवायला गेली की पोर तिचा हात धरून बाजूला करायचं.

दिवस मावळायला लागला तेव्हा दवाखान्यातल्या चादरी संपल्या. बन्सीधर रिकामं कपाट उघडं ठेवून अप्पापुढं उभा राहिला.

"बघा. एक चादर नाही. तुमचा कापूस पाणीच पीत नाही. सगळं खाली सोडून देतो."

"मानवतचा कापूस पाणी पीत न्हाई?"

"नाही पीत."

"बन्सीधर, लोकं पाणी पाजूनच आमच्याकडं आणतात त्याला. चंद्रभानाला इचारा."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मग तोलून दाखवा," बन्सीधर म्हणाला. "आत्तापासून उद्या दुपारपर्यंत माझा कापूस ठेवतो. कोरडा किती, ओला किती, तुम्हीच तोला. चादर कोरडी राहिली तर तुमचं गाठोडं गावाकडं पाठवायचं."

तोलायचं म्हटल्यावर अप्पा कशाला सोडतोय? समोरच्या किराणावाल्याकडून मी तराजू आणला. दवाखान्याचा कापूस कोरडा तोलला, बोळे करून ठेवले. तोलायला बसला की समोर येईल ते तोलायचा त्याचा स्वभाव. पोराच्या पाण्याचा तांब्याही भरून तोलून ठेवला. बरोबर शेरभर, म्हणजे सोळा छटाक. आता पोराला पाजायचं ते ह्यातलंच, असं मल्लम्माला सांगितलं. उगीच. त्यात तेव्हा काहीच मतलब नव्हता.

बाजूला उभी राहून मल्लम्मा हे बघत होती. ती म्हणाली, "मामंजी, दिवसभर एवढं भिजायलंय, मग ह्याला सुटल्यावाणी का वाटंना?"

तिचं कुणी ऐकलं नाही. तराजूचं पारडं अजून हलत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बन्सीधरनं मोठ्या ऐटीत पोराचं पांघरूण बाजूला केलं. चादर कोरडी ठणठणीत. आदल्या संध्याकाळी घातलेली तीच. पोराचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, ओठ सुकले होते, आणि श्वास वरचेवर घेत होतं.

"चादर बघा, अप्पा."

"बगितली." अप्पानं सगळे ओले बोळे एकत्र केले, पारड्यात टाकले. कोरड्याचं वजन वजा केलं. मग पारडी बदलून पुन्हा तोललं. मग तिसऱ्यांदा. मोंढ्यात तिसऱ्यांदा तोलताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"दीड छटाक," तो म्हणाला.

"मग? प्यायला ना पाणी माझा कापूस? हरलात का नाही?"

"तांब्या आणा."

मल्लम्मानं तांब्या दिला. रिकामा. अप्पानं तो उलटा केला, आत बघितलं, खाली ठेवला.

"बन्सीधर, आलेलं समदं पाणी ह्या बोळ्यांतच हाय? दुसरीकडं कुठं गेलं न्हाई?"

"चादर कोरडी आहे, अप्पा. जाणार कुठं?"

"मग शेर गेला आत, आन दीड छटाक आलं बाहेर. बाकीचं कुठाय?"

बन्सीधरच्या तोंडावरची ऐट हळूहळू उतरली. घाम, ताप, असं काहीतरी तो पुटपुटला. अप्पा ऐकत नव्हता. त्यानं गाठोड्यातली मानवतची रुई काढली, कोरड्या चादरीवर ठेवली आणि तिच्यावर चमचाभर पाणी ओतलं. रुई तशीच पांढरी. पाणी तिच्यावरून मोत्यासारखं घरंगळलं आणि चादरीवर पसरलं. चमचाभर पाण्याचा डाग बघता बघता भाकरीएवढा झाला.

मल्लम्मा त्या डागाकडं बघत राहिली. "कालबी एवढंच व्हायचं, मामंजी. दर खेपेला भाकरीएवढं."

मग अप्पानं रुई उचलली, बन्सीधरच्या हातात दिली. मी त्या माणसाला बाजारात शंभर भांडणं करताना पाहिलंय, एकातही तो मागं सरला नाही. तेव्हा त्याचा आवाज इतका खाली होता की मला पुढं वाकावं लागलं.

"तुमचा कापूस खरा. माझा पाणी पीत न्हाई. चार थेंब चादरीवर फिरवून दाखवले त्यानं, आन मी हसत बसलो."

मल्लम्मा खाटेवर बसली. तिनं पोराचे दोन्ही हात एका हातात धरले आणि दुसरा हात पोटावर ठेवला. पोर रडलं, तरी ह्या वेळी तिनं हात काढला नाही. बेंबीखाली चाचपलं.

"हितं बेलफळ लागतंय," ती म्हणाली. "टणक. गोल."

बन्सीधरनं हात लावून बघितला आणि लगेच काढला. त्याला कळलं. पण कळणं वेगळं आणि तार करणं वेगळं. तो दारापर्यंत गेला, परत आला. "डॉक्टर म्हणाले होते, बंद झाला तर तार कर. बंद तर झाला नाही. थेंब चालूच आहेत. तिकडं बाई अडलेली आहे, मी इकडून काय लिहू? पेशाब चालू आहे, तरी या? मला वेड्यात काढतील."

"तुमीच नळी घाला की मग," मी म्हणालो.

"मी? हात तोडतील माझे. आणि तोडायलाच पाहिजेत."

"बन्सीधर," अप्पा म्हणाला, "बंद लिहू नका. चालू लिहू नका. वजन लिहा."

बन्सीधरनं कागद घेतला. इंग्रजीत लिहिलं, पण मजकूर अप्पानं सांगितला तोच. लहान मुलगा. पाणी शेरभर आत. दीड छटाक बाहेर. बाकी पोटात, टणक.

कागद घेऊन मी स्टेशनाकडं पळालो. मी वाऱ्याच्या पुढं होतो असं मी मानवतात सांगतो. इथं एवढंच सांगतो की वाटेत एका शेळीनंही मला मागं टाकलं, कारण माझं वय आणि पोट दोन्ही पळायचे नव्हते. तारबाबू चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्यानं कागद वाचला, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचला.

"शेर आत, छटाक बाहेर. मानवतचे ना तुम्ही?"

"हौ."

"कापसाचा सट्टा. ही खुणेची भाषा आम्हाला कळत नाही काय? परवाच एकानं मुलगी झाली अशी तार केली, आणि भाव पडले. घेऊन जा हा कागद."

"बाबू, पोर हाय. पाच वर्साचं. मूत तुंबलंय त्याचं."

"आणि ते शेरानं तोललं?"

"तोललं."

तो हसला. बघा, मी आयुष्यभर थापा मारल्या आणि लोकांनी त्या दूधभातासारख्या खाल्ल्या. हे एकच खरं बोलत होतो, तर ते त्याच्या गळ्याखाली उतरेना. तेवढ्यात ध्यानात आलं की अप्पानं तोललेल्यांपैकी एक बोळा माझ्या मुठीतच राहिलाय. मी तो बाबूच्या टेबलावर ठेवला.

"वास घ्या."

त्यानं घेतला. मग मान न वर करता यंत्रावर बोटं ठेवली आणि तार मारायला सुरुवात केली. मारून झाल्यावर म्हणाला, "उत्तर येईपर्यंत बसा. आणि ते उचला."

अर्ध्या तासात उत्तर आलं. पाणी बंद करा, निघालो. चुडाव्याच्या त्या बाईला सकाळीच मुलगा झाला होता, आणि डॉक्टर झोप काढायच्या बेतात होते. सवारी गाडीला वेळ होता म्हणून ते मालगाडीत बसून आले. इंजिनात उभं राहून स्वतः कोळसा टाकत आले, अशी एक गोष्ट आहे, ती माझीच आहे. खरं म्हणजे ते गार्डाच्या डब्यात बसून आले आणि वाटेत झोपले.

दिवेलागणीच्या आधी ते खोलीत शिरले. टोपी काढली नाही. पोराजवळ बसून आधी हात चोळून गरम केले, मग पोटावर ठेवले. "हौ," एवढंच म्हणाले. बन्सीधरनं उकळलेली हत्यारं आणली. मल्लम्मानं पोराचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि बारीक पोलादी सळई हळूच आत सरकवायला लागले. एवढं हळू की सळई हलते आहे की नाही ते कळत नव्हतं.

टक्.

फार बारीक आवाज होता, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला.

"सुना?" डॉक्टर म्हणाले. "लोहे ने पत्थर कू सलाम किया."

खडा फोडताना एक कण मागं राहिला होता आणि वाटेतच अडकून बसला होता. त्याच्या कडेनं थेंब झिरपायचे, धार अडायची. डॉक्टरांनी लांब बारीक चिमटा घेतला. पोर किंचाळलं, मल्लम्मा त्याच्यावर वाकली, आणि चिमट्यातून बशीत काहीतरी पडलं. तुरीच्या डाळीएवढं. मग रबराची नळी घालून डॉक्टर थांबत थांबत तुंबलेलं पाणी बाहेर सोडत राहिले. ते भिंतीपर्यंत उडालं असं मी म्हणतो. मल्लम्मा म्हणायची, डॉक्टरांच्या बाहीपर्यंत. दोघांत बाही खरी.

भांडं भरलं तसा अप्पा तराजू घेऊन पुढं आला. कुणी हसलं नाही. अकरा छटाक भरलं. पोराचे गुडघे हळूहळू सरळ झाले, आणि ते झोपलं.

बन्सीधर कोपऱ्यात उभा होता. "साहेब, बंद झाला नव्हता. म्हणून मी..."

"तेरी गलती नहीं," डॉक्टर हात धुताना म्हणाले. "मैं बोला, बंद हुआ तो. मेरी ज़बान की गलती. जिसका रस्ता अटका, उसका बंद कहाँ होता? टपकते रहता. माँ खुश, कंपाउंडर खुश, और अंदर बच्चा डूबते रहता." मग अप्पाकडं वळून म्हणाले, "अप्पा, ये तराजू आज से इधरच रहेगा."

"ते किराणावाल्याचं हाय साहेब."

"तो उसकू दूसरा ला के देता मैं."

किराणावाला त्या वेळी खरंच दारात उभा होता. दिवसभर तो पायली-अदलीच्या मापानं धान्य मोजून देत होता आणि आम्हाला शिव्या देत होता. आतलं सगळं बघून तो तराजू न मागता परत गेला.

पण अजून संपलं नव्हतं. रात्रभर नळी ठेवायची आणि सकाळी काढायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. आतली वाट सुजलेली असणार. नळी काढल्यावर पोराला आपणहून धार आली तर ठीक. नाही आली तर पोट चिरून वाट करावी लागणार होती, आणि एवढ्याशा पोराचं पोट चिरायला डॉक्टरांचं मन धजत नव्हतं. हे त्यांनी मल्लम्मासमोर सांगितलं, लपवलं नाही.

सकाळी नळी काढली. पोर खाटेवर बसलं आणि म्हणालं, "आये, पाणी."

मल्लम्मानं तांब्या उचलला. तिचा हात थांबला. आदले दोन दिवस तिनंच चमच्या चमच्यानं ते पाणी पाजलं होतं. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. तिनं पेला भरला. पोर सगळं प्यालं, आणि आणखी मागितलं. तिनं आणखी दिलं.

मग आम्ही बसलो. स्टेशनावर उशीर झालेल्या गाडीची वाट बघत बसतात तसे. डॉक्टर घड्याळ काढून बघायचे आणि परत ठेवायचे. बन्सीधर कोरडे बोळे करत होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी बोलायला तोंड उघडलं तर अप्पा म्हणाला, "आज न्हाई, चंद्रभान." दोन तास झाले असतील. ऊन दारातून आत आलं, खाटेच्या पायापर्यंत पोचलं.

पोर चुळबूळ करायला लागलं. खाटेवरून उतरलं. मल्लम्मा टमरेल घेऊन पुढं झाली. ते पोरानं तिच्या हातातून घेतलं, कोपऱ्यात नेऊन ठेवलं, आणि मागं वळून आम्हा सगळ्यांकडं बघितलं. पाच मोठी माणसं त्याच्याकडं टक लावून बसलेली.

"समदे तिकडं तोंड करा," ते म्हणालं.

आम्ही केलं. मल्लम्मानं केलं, अप्पानं केलं, बन्सीधरनं केलं, रुमी टोपीसकट हाशमी डॉक्टरांनी केलं. मीही केलं. भिंतीला चुना लावलेला होता आणि एका जागी पोपडा निघाला होता, तो मला अजून दिसतो. मागं काहीच आवाज नव्हता. अप्पाचे ओठ हलत होते, आणि मल्लम्मानं पदराचं टोक दातात धरलं होतं.

मग टमरेलात आवाज सुरू झाला. आधी थोडा, अडखळत. मग सरळ आणि जोराचा. तो बराच वेळ चालला आणि थांबला. आम्ही पाचही जण तसेच भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो, कारण वळा असं त्यानं अजून सांगितलं नव्हतं.